अंकपाश

नववीच्या पुस्तकात अंकपाश, म्हणजे अंकांच्या मांडण्यांचं गणित, नव्हता आणि बोर्डाच्या परीक्षेलाही तो येणार नव्हता. तरी आमचे गणिताचे सर शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास त्यालाच द्यायचे. (सरांना स्वतःचं नाव छापून आलेलं खपत नसे, म्हणून इथं नुसतं 'सर'. १९८८च्या आसपास शाळेत असलेल्यांना ओळख पटेलच.) चाळीसगाव तालुक्यातल्या पोरांना भास्कराचार्य शिकवायचे नाहीत तर कुणाला, असं त्यांचं म्हणणं.

भास्कराचार्यांचा गणिताचा ग्रंथ 'लीलावती' ११५० सालचा, आणि अंकपाश हे त्याचं शेवटचं प्रकरण. दिलेले अंक जागा बदलून किती तऱ्हांनी मांडता येतात आणि त्यातून होणाऱ्या सगळ्या संख्यांची बेरीज किती, हा या प्रकरणाचा विषय. पुढं अकरावीत 'परम्युटेशन' म्हणून हेच भेटलं, पण बेरीज तिथं गळालेली होती. खरी गंमत बेरजेतच आहे. सरांनी फळ्यावर भास्कराचार्यांचेच अंक लिहिले: ३, ९, ८. आम्ही सहा संख्या मांडल्या, ३८९ पासून ९८३ पर्यंत, आणि खाली रेघ ओढून बेरजेला लागलो. सर म्हणाले, "पेन्सिली खाली." एककाच्या घरात प्रत्येक अंक किती वेळा येतो? दोनदा. तिन्ही अंकांची बेरीज २०, म्हणून त्या घरात ४०. दशकात तेच, शतकात तेच. ४०, ४०० आणि ४०००. उत्तर ४४४०. संख्या न मांडता त्यांची बेरीज सांगता येते, हे त्या वयात जादूसारखं वाटलं. २ ते ९ हे आठ अंक घेतले तर संख्या होतात ४०,३२० आणि त्यांची बेरीज २४,६३,९९,९९,७५,३६०. हेही उदाहरण मूळ ग्रंथातलंच, आणि ते हातानं सोडवणाऱ्याला सर मधल्या सुट्टीत भेळ खाऊ घालत.

मग देव आले. विष्णूच्या चार हातांत शंख, चक्र, गदा, पद्म. हात बदलले की मूर्ती बदलते: ४ × ३ × २ × १, म्हणजे २४. संध्येत केशव, नारायण, माधव अशी जी चोवीस नावं घेतात, त्या चोवीस मूर्ती आयुधांच्या या क्रमावरूनच ओळखतात. वस्तू त्याच चार, पण क्रम बदलला की देवाचं नावही बदललं. क्रमाला किंमत असते म्हणजे काय, हे याहून स्वच्छ मला कुणी सांगितलेलं नाही. शंभूच्या दहा हातांत पाश, अंकुश, सर्प, डमरू वगैरे दहा वस्तू. त्यांचे प्रकार ३६,२८,८००. सेकंदाला एक मूर्ती पाहिली, रात्रंदिवस, न झोपता, तर किती वेळ लागेल, असं सरांनी विचारलं. बरोब्बर ४२ दिवस लागतात, एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही. करून पाहा.

एका शनिवारी त्यांनी २, २, १, १ हे अंक दिले. पहिल्या बाकावरच्या हुशार मंडळींनी हात वर करून २४ सांगितले. सर काही बोलले नाहीत, नुसता खडू पुढे केला. फळ्यावर २२११, २१२१, २११२, १२२१, १२१२, ११२२ एवढंच उमटलं. सहाच! सारखे अंक आपापसांत बदलले तर नवं काही होत नाही, म्हणून २४ला दोनदा दोननं भागायचं. या सहांची बेरीज ९९९९. मग सरांनी प्रकरणाचा शेवटचा श्लोक म्हटला. त्याचा भावार्थ असा: इथं गुणक नाही, भाजक नाही, वर्ग नाही, घन नाही, तरी गर्विष्ठ गणकपोरं या अंकपाशात पडणार म्हणजे पडणार. पहिला बाक त्या दिवशी गप्प होता. मी चौथ्या बाकावर बसत असल्यामुळे मला हे फार आवडलं.

मी गणिताकडे गेलो नाही, वैद्य झालो. पण आयुर्वेदाच्या पहिल्याच वर्षी चरक-सुश्रुतांनी सांगितलेले रसांचे, म्हणजे चवींचे, ६३ भेद समोर आले. सगळे पाठांतराला बसले. मला मात्र सरांचा फळा आठवत होता. इथं क्रमाला किंमत नाही. आंबटगोड आणि गोडआंबट ही चव एकच. तेव्हा हा अंकपाश नव्हे, नुसती निवड. तिचीही रीत 'लीलावती'त आहे: वर ६, ५, ४, ३, २, १ लिहा, खाली १ ते ६, आणि गुणत-भागत चला. एकेक रस ६, दोन-दोन मिळून १५, तीन-तीन २०, मग पुन्हा १५, ६ आणि शेवटी सहाही रस एकत्र, तो १. एकूण ६३. भास्कराचार्यांनीही या रीतीसाठी सहा रसांचंच उदाहरण घेतलं आहे, तेव्हा हा मेळ काही मी घातलेला नाही. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या डॉक्टर मुलांना मी आधी हे मांडायला लावतो. कुरकुरतात, पण भेद विसरत नाहीत.

आपल्या शाळेची सहल चाळीसगावजवळ पाटणच्या पाटणादेवीला ठरलेली असे. धबधबा आणि डबा यांपलीकडे आम्हाला काही दिसत नव्हतं; सरांनी मात्र देवळातल्या शिलालेखापुढं उभं केलं. तो शके ११२८चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव, यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी, त्यानं आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी इथं मठ काढला. डॉ. भाऊ दाजी यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख उजेडात आणला. त्याचा शेवट चक्क जुन्या मराठीत आहे: पाटणच्या बाजारात जो माल उघडेल, त्यावर गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला दिला. शाळा चालवायला पैसा लागतो, हे तेव्हाही ठाऊक होतं.

अलीकडे ही सहल दुसरीकडेच जाते असं ऐकतो. पुढच्या वर्षी नववीची मुलं पाटणला न्यावीत. बसचं भाडं मी भरतो. मुख्याध्यापकांशी तसं बोलणं झालं आहे, तारीख तेवढी कळवावी.