शिरोरेघ का तुटते: १.१ सोडून ०.७ कडे

मागच्या नोंदीतली निब, म्हणजे फाउंटन पेनाची १.१ मिमी रुंद, मराठीसाठी धार ३० अंश तिरकी केलेली, रोजच्या वापरातून बाद. अक्षरं देखणी येतात, व, ब, क यांच्या पोटांना थेट बोरूचं वळण येतं, पण शब्द लिहून झाला आणि शिरोरेघ ओढायला घेतली की दोन-तीन अक्षरांवरून जाईपर्यंत शाई तुटते. पत्राच्या मथळ्यापुरतं ठीक आहे, पानभर मजकुराला नाही. संशय आधी फीडवर, म्हणजे निबेखालच्या शाई पुरवणाऱ्या भागावर, होता. कारण तिथे नाहीच. ते भलत्याच ठिकाणी सापडलं, म्हणून ही नोंद.

दिशेची उजळणी तेवढी करून घेऊ, पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. बाजारातली सरळ धारेची इटॅलिक (रुंद, सपाट टोकाची) निब उजव्या हाताच्या नेहमीच्या पकडीत धरली की खाली-डावीकडून वर-उजवीकडे जाणारी रेघ बारीक येते आणि तिला छेदणारी जाड. रोमनला हे शोभतं. देवनागरीला नेमकं उलट हवं: ष च्या पोटातली तिरकी रेघ बारीक, व च्या पोटाचा वरचा डावा खांदा भरलेला. म्हणून निब वरून पाहताना, टोक पुढे धरून, डावी बाजू लांब आणि उजवी आखूड असा काप द्यायचा.

आता तुटण्याकडे. फीड काढून धुतलं, एबोनाइटचं (कडक रबराचं) असल्यामुळे जवळजवळ उकळत्या पाण्यात धरून निबेला पुन्हा घट्ट बसवलं. निबेच्या शाई वाहणाऱ्या चिरेतून ०.०५ मिमीची पितळी पट्टी फिरवली. भिंगाखाली दोन्ही टाइन (चिरेच्या दोन बाजूंच्या पात्या) एका पातळीत, चिरेच्या आतल्या कडा वाजवीपेक्षा गोल झालेल्या नाहीत. काना ओला आणि भरीव, वेलांटी भरीव. बोंब फक्त शिरोरेघेची. मग साधी चाचणी: लांब आडवी रेघ ओढत पेन बोटांत अगदी हळू उजवीकडे वळवायचं. एका ठरावीक वळणावर शाई पूर्ण परतते, डावीकडे सोडलं की पुन्हा जाते. दर वेळी, त्याच जागी.

कारण भूमितीचं आहे. सरळ धारेची निब नेहमीच्या पकडीत कागदावर सपाट बसते. धार तिरकी केली की त्याच पकडीत तिचा फक्त लांब कोपरा, म्हणजे डावा, कागदाला टेकतो. उरलेली धार टेकवायला पेन उजवीकडे वळवून धरावं लागतं. अक्षर लिहिताना बोटं ते वळण सांभाळतात. शिरोरेघ मात्र कोपरातून ओढली जाते, बोटं सैल पडतात, पेन मूळ वळणावर येतं आणि चीर कागदापासून अधांतरी राहते. १.१ च्या निबेत चीर कोपऱ्यापासून ०.५५ मिमीवर. वळण १० अंशांनी चुकलं तर चिरेखाली सुमारे ०.१ मिमीची फट पडते. एवढी फट शाई भरून काढू शकत नाही.

पहिला उपाय डावा कोपरा ३ मायक्रॉनच्या लॅपिंग फिल्मवर (बारीक घासायच्या पट्टीवर) गोल करण्याचा. रेघ थोडी सावरली, पण बारीक रेघांची धार गेली आणि निब इटॅलिकची स्टब (गोल कोपऱ्यांची) झाली. दुसरा उपाय काप ३० वरून २० अंशांवर आणण्याचा. हा बराच लागू पडला. उरलेला तिरकेपणा कागदाने द्यायचा: वहीचं डोकं डावीकडे २० अंश कलवायचं, कोपर अंगाशी ठेवायचं, म्हणजे निब पानावर जवळजवळ सरळ वर पाहते. बोरूची ४५ अंशांची धार सुलेखनात हवीच, पण रोजच्या मजकुराला २० पुरते. उलट शिरोरेघ बारीक आणि काना जाड येतो, त्यामुळे ओळ दाट दिसत नाही.

बेत इथवरच होता, १.१ लाच २० वर आणून वापरायची. पण फटीचा हिशेब मांडताना लक्षात आलं की रुंदी कमी केली की चीर कोपऱ्याच्या जवळ येते. ०.७ च्या निबेत अंतर ०.३५, तेवढ्याच चुकीला फट ०.०६ मिमी, आणि ओल्या शाईने ती भरून निघते. शिवाय अक्षराच्या उंचीचा प्रश्नही इथेच सुटतो. देवनागरी अक्षराचं अंग निबेच्या रुंदीच्या साडेचार पट तरी हवं, नाहीतर द्ध, ष्ट्य, ह्म यांचे डोळे, म्हणजे आतल्या मोकळ्या जागा, बुजतात. १.१ ला त्यासाठी ५ मिमी उंची लागते, आणि ८ मिमीच्या ओळीत वर मात्रा-अनुस्वार, खाली उकार मावत नाहीत. ०.७ ला ३ मिमी आणि थोडं. म्हणजे तयार १.१ ही मराठीच्या एकेरी वहीसाठी मुळातच मोठी निब आहे, कापाचा वाद त्यानंतरचा. लामी कंपनीची १.१ असो की योवो कंपनीची, दोन्ही गुळगुळीत आणि भरवशाच्या आहेत, पण मथळ्यांसाठी.

तेव्हा आता बी (ब्रॉड, जाड रेघेची) निब घेऊन घासणं. साधारण ०.८ ची रेघ देणारा, टोकावर पुरेसा मणी असलेला बी निवडावा. तयार स्टील १.१ ला बहुधा कठीण धातूचा मणी नसतो, तिथे फिल्मचे चार हात जास्त झाले की माप गेलं. मण्याला वेळ लागतो, पण हाताला अंदाज येतो. क्रम असा: आधी मण्याची वरची बाजू सपाट, मग लेखनाच्या कोनात धरून खालची, जाडी ०.२५ च्या आसपास येईपर्यंत. मग पेन उभं धरून २० अंशांचा काप. हे सगळं शाई भरून, ओल्या फिल्मवर, म्हणजे चिरेत कीस बसत नाही आणि शाई उतरते का हेही कळत राहतं. १२ मायक्रॉनवर आकार, ३ वर कोपरे, १ वर शेवटचे मोजके हात. ०.३ मायक्रॉनला हात लावू नये. अति गुळगुळीत टोक चकचकीत कागदावर सुरुवातीलाच शाई सोडत नाही. उजवा कोपरा डाव्यापेक्षा थोडा जास्त गोल ठेवावा, व चं पोट वर ढकलताना तोच रुततो.

कॅलिपर मात्र स्वतःचं हवं. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून १.१ म्हणून आलेली निब मोजल्यावर ०.९५ भरली. कागदावरची रेघ शाई पसरून धारेपेक्षा रुंद येते, म्हणून माप धारेचं घ्यायचं, रेघेचं नाही.

पहिली ०.७ तयार आहे. ५८ जीएसएमच्या साध्या वहीवर, कॅमलिनच्या रॉयल ब्लू शाईत, 'महाराष्ट्रातल्या' या शब्दावर शिरोरेघ एका दमात, न तुटता जाते. ष्ट्र चे डोळे उघडे, त्याखालच्या रेघा सुट्या. हा शब्द चाचणीला उत्तम, सगळे त्रास एकत्र भेटतात.

पेनाबद्दल मत बदललं आहे. तिकोनी पकडीचं पेन, उदाहरणार्थ लामीचं सफारी, या कामाला नको. त्याची पकड बोटांना एकाच वळणावर बांधते आणि निब त्या पकडीशी सरळ बसलेली असते. गोल सेक्शनचं (बोटांनी धरायच्या भागाचं) पेन हवं. त्यातही कानराइट कंपनीची निब एबोनाइट फीडसकट नुसती दाबून बसवलेली असेल तर सोनं. पण गोल पकडीवर बोटांना खूण लागते, आणि ती क्लिपवर अवलंबून ठेवता येत नाही. म्हणून सेक्शनवर डाव्या अंगाला कानशीने एक उथळ सपाटी काढायचा विचार आहे, अंगठा आपोआप हव्या त्या वळणावर बसेल अशी. तसं जमलं तर काप पुन्हा २५ पर्यंत नेता येईल आणि व चा खांदा आणखी भरेल. आधी एका स्वस्त ॲक्रिलिक सेक्शनवर, ०.५ मिमीपेक्षा खोल न जाता.