दप्तराचं मूळ आणि कूळ

आमच्या इतिहासाच्या सरांना शब्दांचा भारी नाद. पेशवाई शिकवताना पेशवे राहायचे बाजूला आणि फडणवीस म्हणजे ‘फर्द’ लिहिणारा ‘नवीस’, यावरच तास संपायचा. परीक्षेत याचे गुण शून्य. आठवीत त्यांनी फळ्यावर ‘दप्तर’ लिहिलं, आणि तो शब्द माझ्या मागे लागला तो लागलाच.

दप्तर फारशीतलं, हे कोणीही सांगेल. पण फारशीत ते कुठून आलं? बहुतेक अभ्यासक ग्रीक ‘दिफ्थेरा’कडे, म्हणजे कमावलेल्या कातड्याकडे, बोट दाखवतात. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटस लिहितो की आयोनियन ग्रीक पपायरसच्या पोथ्यांनाही कातडीच म्हणत, कारण एके काळी ते शेळ्यामेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत.

पुढे जहाजावर नोकरी लागली आणि सरांचा शब्द बंदरोबंदरी भेटू लागला. इस्तंबूलला ‘देफ्तेर’ म्हणजे वही. मोंबासाला ‘दफ्तारी’, तीही वहीच. जकार्तात मात्र ‘दाफ्तार’ म्हणजे यादी. खानावळीत बसलो की समोर ‘दाफ्तार मेनू’. हिंदीत ती कचेरी झाली. सगळ्यात गंमत ग्रीसची. तुर्कांच्या हाताने शब्द तिथे ‘तेफ्तेरी’ होऊन माघारी आला, आणि आला तो वाण्याच्या उधारीची वही होऊन!

आपल्याकडे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारशी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले, तरी दप्तर हललं नाही. पेशवे दप्तरातले कागद रुमालांत बांधलेले. त्यातले निवडक इतिहासकार सरदेसायांनी छापले तर 45 खंड भरले. कागदांच्या गाठोड्याला दप्तर म्हणायचं, तर पोरांच्या पुस्तकांच्या गाठोड्यालाही तेच नाव पडलं असावं, असा माझा तर्क. गुजराती पोरंही दप्तरच नेतात. हिंदीतली मुलं नेतात ‘बस्ता’. फारशीत त्याचा अर्थ बांधलेलं. आपण तो लग्नाच्या खरेदीसाठी राखून ठेवला. आणि ‘दप्तरदिरंगाई’ ही तर खास मराठी कमाई, पेन्शनीच्या कागदांपायी मी ती पुरेपूर अनुभवली.

घटसर्पाचं डिप्थेरिया हे नावही त्याच ग्रीक कातड्यावरून पडलेलं, घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो म्हणून. पहिलीत त्याची लस टोचायला माणसं आली की आम्ही दप्तरं तिथेच टाकून मागच्या गडग्यावरून पळायचो.