जवायासमोर ढेकर कसा द्यायचा?

मे महिन्यात नागपुरात धंतोलीतल्या आमच्या दवाखान्यात एन्डोस्कोपीची, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहण्याच्या तपासणीची, यादी सकाळी लवकरच लागते. पेशंट रात्रीपासून उपाशी असतो, ऊन तापायच्या आत तो मोकळा झालेला बरा. त्या दिवशी यादीत काटोलच्या एक काकू होत्या. गुडघ्यांसाठी मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू, आणि आता बेंबीच्या वर सारखी जळजळ. लेक मानेवाड्याला राहते, म्हणून मुक्काम तिच्याकडे. सोबत लेक आणि जवाई.

तपासणी सरळ झाली. घशात लिग्नोकेनचा स्प्रे, शिरेतून थोडं गुंगीचं इंजेक्शन, डाव्या कुशीवर निजवलं, दातांत माउथगार्ड. जेमतेम दहा मिनिटं. जठराच्या खालच्या भागात लहानसा अल्सर दिसला, सरांनी बायोप्सीसाठी आतून बारीक तुकडे घेतले. घशाचा बधिरपणा जाईपर्यंत तोंडात थेंबही घालायचा नाही, मग घोटभर पाणी, मग मऊ भात. घसा एक-दोन दिवस दुखेल. सगळं जवायाला समजावून कागद त्याच्या हातात दिला. काकूही मान डोलवत होत्या, पण त्या इंजेक्शनखाली मान डोलावणाऱ्याला नंतर बहुतेक काही आठवत नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास तिघंही ऑटोतून परत हजर. काकू पोट धरून वाकलेल्या.

"सिस्टर, आईच्या छातीत दुखून राहिलं. पोट पहा न कसं टम्म झालं!"

अशा वेळी 'काही होत नाही काकू' असं मी आधीच म्हणून टाकत नाही. दुर्बिणीने अन्ननलिकेला किंवा जठराला छिद्र पडणं फार क्वचित घडतं, पण घडतं, आणि ते लवकर ओळखलं तरच पेशंट वाचवता येतो. ताप पाहिला, नव्हता. नाडी थोडी जलद, बीपी ठीक, श्वास मोकळा. मानेवर आणि गळपट्टीच्या हाडावर बोटांनी दाबून पाहिलं. आतून हवा फुटली असेल तर कातडीखाली कुरकुर लागते. ती नव्हती. पोट फुगलेलं होतं पण मऊ. रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी शी, दोन्हीला 'नाही' उत्तर आलं. तरी सरांनी उभं करून छातीचा एक्स-रे काढायला लावलाच. छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली मोकळी हवा नव्हती, म्हणजे छिद्र दिसत नव्हतं.

मग मी विचारलं, "काकू, घरी गेल्यापासून ढेकर आला? वारा सरला?"

काकूंनी जवायाकडे पाहिलं, मग लेकीकडे, मग जमिनीकडे. मी जवाईबापूंना फाइल घ्यायला काउंटरवर धाडलं. दार लागल्यावर काकू हळूच म्हणाल्या, "कूलर एकाच खोलीत आहे वो सिस्टर. तिथंच जवाई, तिथंच इहीणबाई. मी कशी सोडू? दुपारपासून धरून बसली."

तपासणीत जठराच्या घड्या उलगडून दिसाव्यात म्हणून आम्ही आत हवा भरतो. शेवटी काही ओढून घेतो, उरलेली वरून नाहीतर खालून गेलीच पाहिजे. काकूंनी दोन्ही वाटा दिवसभर बंद ठेवल्या होत्या. नागपूरच्या उन्हाळ्यात बाईमाणसाला घरात एकांत मिळणं किती कठीण, हे कोणत्याच सूचनापत्रात लिहिलेलं नसतं.

त्यांना कॉरिडॉरमध्ये फिरवलं, नंतर डाव्या कुशीवर गुडघे दुमडून निजवलं, पडदा ओढला आणि लेकीला घेऊन बाहेर उभी राहिले. अर्ध्या तासात आतून काकूंच्या हसण्याचा आवाज आला. छातीतलं दुखणंही त्याबरोबर उतरलं.

पण खरं दुखणं पुढेच होतं. माझा हात धरून त्या म्हणाल्या, "तुकडा कायले घेतला? कॅन्सर असंन त मले सांगा, पोरीले नका सांगू." आणि पोरगी दुपारभर मोबाइलवर तेच शोधत बसली होती, आईला न सांगता.

मी दोघींना एकत्रच बसवलं. तुकडा तिळाएवढा असतो आणि जठराच्या आतल्या अस्तराला तो खुडलेला कळतही नाही, तेव्हा दुपारचं दुखणं त्याचं नव्हतं. एक तुकडा जंतूंसाठी होता. त्याच्या टेस्टचा पिवळा रंग दुपारीच गुलाबी झाला होता, म्हणजे हेलिकोबॅक्टर पायलोरी, जठरात अल्सर करणारे जंतू. बाकीचे फॉर्मलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीला पाठवले, रिपोर्टला काही दिवस लागणार. 'कॅन्सर नाही' असं मी म्हटलं नाही, ते उत्तर माझ्या हातात नव्हतं. सरांनी येऊन सांगितलं की जठरात अल्सर दिसला की बायोप्सी घ्यायचीच असते, आणि यांच्या अल्सरमध्ये त्यांना वावगं काही वाटलं नाही. गुडघ्याच्या गोळ्या मात्र आजपासून बंद. दुखलंच तर पॅरासिटामॉल.

मी बॅरी मार्शलचीही गोष्ट सांगितली. हे जंतू जठराचा आजार करतात यावर कोणी विश्वास ठेवेना, म्हणून या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९८४ मध्ये त्यांचं पाणी स्वतःच पिऊन टाकलं, आजारी पडला, आणि २००५ मध्ये रॉबिन वॉरेनबरोबर नोबेल मिळवलं.

"पेला का बापा तो?" काकूंनी तोंडाला पदर लावला.

रिपोर्टमध्ये सूज आणि जंतू एवढंच निघालं. १४ दिवसांचा औषधांचा कोर्स लागला, आणि सावजी मटण कधी खाता येईल हे विचारायला काकूंचा फोन आला.

हल्ली सूचना सांगून झाल्या की जवाई, दीर, भासरे, जे कोणी सोबत असतील त्यांना मी बिलाच्या काउंटरवर पाठवते आणि वाऱ्याचं तेवढं बाईला एकटीला सांगते. सूनबाईंना तर दोनदा.