बेन मॅकडूई : धार नसलेला डोंगर

कळसूबाई १६४६ मीटर, बेन मॅकडूई १३०९ मीटर. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘सोपा ट्रेक दिसतोय’ असं ठरवणारे मराठी ट्रेकर आम्हाला बरेच भेटतात. ब्रिटनमधलं हे दुसऱ्या क्रमांकाचं शिखर स्कॉटिश हायलँड्सच्या केर्नगॉर्म भागात, ५७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. इथे झाडं खालीच संपतात आणि वरचं सगळं उघडं पठार वाऱ्याच्या ताब्यात असतं. शेजारच्या केर्न गॉर्म शिखरावर २० मार्च १९८६ रोजी वाऱ्याचा वेग ताशी २७८ किमी नोंदला गेला. हे सगळं हिशेबात घेतलं तरच त्या १३०९चा अर्थ लागतो.

सह्याद्रीत वाट चुकली तरी डोंगर आपल्याला धरून ठेवतो. धार असते, सोंड असते, खिंड असते, एका बाजूला कडा दिसत असतो. मॅकडूईचा माथा म्हणजे पालथी परात. कुठूनही कुठेही चालता येतं, आणि ढगात नेमकं तेच घातक ठरतं.

हा आकार आला कसा, तेही सांगण्यासारखं आहे. सुमारे ४२ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखाली थिजलेला लालसर ग्रॅनाइट वर उघडा पडला आणि हिमयुगांच्या आधीच लाखो वर्षं झिजून गोल झाला. हिमयुगात दऱ्यांमधल्या हिमनद्या सरकत राहिल्या आणि त्यांनी कडे कोरले. माथ्यावरचं बर्फ मात्र खडकाला गोठून चिकटलेलं होतं. ते फारसं सरकलं नाही, म्हणून जुनी गोलाई टिकली. मधोमध मऊ उतार आणि कडेला अचानक तुटलेली दरी, असा हा डोंगर आहे.

पायथ्याजवळच्या एव्हिमोर गावाला इन्व्हर्नेस शहराहून रेल्वेने पाऊण तासाच्या आत पोहोचता येतं. लंडनच्या यूस्टनहून रात्रीची स्लीपरही इथे थांबते. तिथून बसने कोरी कासच्या स्की सेंटरचा वाहनतळ गाठायचा. तो साधारण ६३० मीटरवर आहे, म्हणजे निम्मी उंची चाकांवरच होते. जाऊन-येऊन सुमारे १७ किमी आणि वरखाली धरून ८०० मीटरच्या आसपास चढ. वेळेसाठी १८९२ पासून वापरात असलेला नेस्मिथचा नियम लावा : दर ५ किमीला एक तास, वर दर ६०० मीटर चढाला एक तास. उत्तर पावणेपाच तासांच्या आसपास येतं. ते न थांबणाऱ्या, कोरड्या वाटेवरच्या माणसाचं. माथ्याजवळचे धोंडे, वारा आणि जेवण धरून आम्ही सात ते आठ तास ठेवतो. जूनअखेर रात्री दहापर्यंत उजेड असतो. डिसेंबरमध्ये साडेतीनला अंधारायला लागतं.

वाहनतळावरून नैर्ऋत्येकडे दगडांनी बांधलेली वाट निघते. पुढे दोन फाटे लागतात. दोन्हीकडे डावी वाट हिमनद्यांनी कोरलेल्या खोऱ्यांत, कड्यांच्या तळाशी जाते. आपण उजवीकडेच राहायचं. अशा खोऱ्याला इथे ‘कोरी’ म्हणतात. पहिल्या फाट्यानंतर कोरी अन् त्रेख्कमधून येणारा ओढा ओलांडावा लागतो. एरवी धोंड्यांवरून पाय न भिजता पार होतो, पण जोराच्या पावसात किंवा बर्फ वितळताना पाणी भराभर चढतं. सकाळी सोपा वाटलेला ओढा संध्याकाळी वेगळाच असू शकतो. पाणी इथे किंवा पुढच्या ओढ्यावर भरून घ्या, माणशी दीड-दोन लिटर.

यानंतर वाट केर्न लोखन शिखराच्या पश्चिमेकडच्या रुंद सोंडेवर चढते. चढ सरळ आहे, अवघड काही नाही. डाव्या हाताला कोरी अन् लोखनचे कडे मात्र लक्षात ठेवायचे. हिवाळ्यात आणि वसंतातही त्यांच्या काठावर बर्फाचं छज्जं बाहेर झुकलेलं असतं. वरून ते जमिनीसारखंच दिसतं, पण खाली आधार नसतो, आणि ते तुटतं तेव्हा काठापासून बरंच आत तुटतं. म्हणून बर्फ असेल तर वाट दिसत असतानाही काठापासून लांब राहा.

सोंड संपली की पठार सुरू होतं. सुमारे ११२५ मीटरवर लोखन बुये, म्हणजे ‘पिवळं तळं’. या तळ्याचं पाणी पूर्वेला फे बुये ओढ्याने आन तळ्याकडे (नकाशावर ‘ॲव्हन’ लिहिलेलं असतं, बोलतात ‘आन’) आणि पुढे स्पे नदीत जातं. जवळूनच निघणारा दुसरा ओढा पश्चिमेला लॅरिग ग्रू खिंडीत कोसळून डी नदीला मिळतो. दोन्ही ओढे आधी मऊ उतारावरून जातात आणि मग कड्यावरून खाली पडतात. ओढ्याने उतरू नये, हा सह्याद्रीतला नियम इथेही जसाच्या तसा लागू होतो.

याच परिसरात नोव्हेंबर १९७१ मध्ये हिमवादळात अडकलेल्या शाळकरी गटातली ५ मुलं आणि १८ वर्षांची एक शिकाऊ मार्गदर्शक असे सहा जण गेले. तळ्याजवळचा पत्र्याचा निवारा त्यांना गाठता आला नाही. असा निवारा माणसाला खात्री देतो, पण बर्फात तो सापडतच नाही, या वादानंतर १९७५ मध्ये तो काढून टाकण्यात आला. आज पठारावर कुठलाही आसरा नाही. गटासाठी लहान तंबूसारखा आपत्कालीन निवारा पाठीवर हवाच.

तळ्यापासून माथा दक्षिण-आग्नेयेला, दोन किमीहून थोडा पुढे. वाट धोंड्यांमध्ये फाटत, विरत जाते. दगडांच्या लहान ढिगाऱ्यांवर भिस्त ठेवू नका. दिशा नकाशावर मोजा आणि पावलं मोजा. सपाटीवर १०० मीटरला दर दुसरं पाऊल धरून साधारण ६५ होतात, धोंड्यांवर जास्त. आपला आकडा खालीच तपासून घ्या. होकायंत्रात ५ अंशांची चूक झाली तर इतक्या अंतरात माणूस जवळजवळ २०० मीटर बाजूला पडतो. मोबाइलवरचा नकाशा चांगला असतो, पण थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते आणि ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही. आम्ही ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश सरकारी नकाशा संस्थेचा ओएल ५७ क्रमांकाचा १:२५,००० नकाशा पाणी न शिरणाऱ्या पाकिटात गळ्यात ठेवतो.

माथ्यावर मोठा दगडी ढीग, त्यावर मोजणीचा खांब, आणि जवळ १९२५ मध्ये केर्नगॉर्म क्लबने बसवलेली दिशादर्शक चकती आहे. आजूबाजूला दगडांची गुडघाभर उंच वर्तुळं दिसतील; वाऱ्याच्या आड बसून जेवायला ती उपयोगी पडतात. नवी रचू नका, कारण दगड उचलला की त्याखालची माती उघडी पडते आणि इथलं शेवाळ परत वाढायला फार वर्षं घेतं. मे ते जुलै डॉटरेल पक्षी जमिनीवरच घरटं करतात, त्यामुळे वाट सोडायची तर पायांखाली बघून.

पश्चिमेला लॅरिग ग्रूच्या पलीकडे ब्रेरिअख (१२९६) आणि केर्न तूल (१२९१). आमच्या मते स्कॉटलंडमधलं हे सर्वांत भव्य दृश्य आहे.

परतीला लोक चुकतात ते इथेच. दमलेला माणूस वाऱ्याकडे पाठ करून उताराच्या कलाने चालू लागतो. मॅकडूईवर उत्तरेला निघून उजवीकडे घसरलात तर आन तळ्यावरचे कडे, डावीकडे घसरलात तर लॅरिग ग्रूचा तीव्र घसारा. ढग असेल तर उभं राहून दिशा लावा, जवळपास उत्तर, किंचित वायव्येकडे झुकलेली, आणि तळं दिसेपर्यंत ती सोडू नका.

कपड्यांबद्दल एकच आग्रह : पावसाळी पोंचो घरी ठेवा. वारा तो डोक्यावर उलटवतो. शिवणी बंद केलेलं जॅकेट आणि पँट, लोकरी टोपी, हातमोज्यांचे दोन जोड, जुलैतही. जीन्स नको, भिजली की ऊब जाते. मेपर्यंत बर्फाची कुऱ्हाड आणि क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे धातूचे काटे) लागू शकतात, आणि ते वापरायचं शिक्षण आधी झालेलं हवं. मदतीसाठी ९९९ वर पोलीस मागा आणि मग माउंटन रेस्क्यू. बोलण्याइतकी रेंज नसेल तर त्याच क्रमांकावर मेसेज जातो, पण त्यासाठी निघण्यापूर्वी नोंदणी करावी लागते. शिट्टीचा संकेत मिनिटाला सहा वेळा. आणि परतीच्या शेवटच्या बसची वेळ सकाळी उतरल्यावरच थांब्यावर बघून ठेवा. एव्हिमोर तिथून १५ किमीच्या आसपास आहे.