सिंकरच्या साच्यांना मुठी बसवण्याचे काम : आतापर्यंतची प्रगती

उजनीच्या पाणफुगवट्यात किंवा हिप्परग्याच्या तलावावर गळ टाकणाऱ्यांना सिंकर, म्हणजे दोरी बुडवणारी शिशाची वजने, सतत लागतात, कारण तळातल्या दगडांत दोरी अडकली की गळासोबत सिंकरही जातो. मी माझे सिंकर घरीच ओततो. माझ्याकडे एक साचा ॲल्युमिनियमचा आहे आणि एक बिडाचा. दोन्ही साचे दोन-दोन ठोकळ्यांचे असून प्रत्येक ठोकळ्याच्या पाठीला एक खाच आहे. त्या खाचेत मुठीची पोलादी भुजा शिरते आणि आडवी पिन तिला धरून ठेवते. जुन्या ठासणीच्या बंदुकींच्या गोळ्याही अशाच चिमट्यासारख्या साच्यांत ओतत असत. एकच मुठींची जोडी दोन्ही साच्यांना चालावी, हे या कामाचे उद्दिष्ट आहे.

अडचण खाचांच्या मापात आहे. ॲल्युमिनियमच्या साच्याची खाच 6 मिलिमीटर रुंद आहे, तर बिडाच्या साच्याची 5. बाजारातून आणलेल्या मुठींच्या भुजा 6 मिलिमीटरच्या खाचेत ठोकूनच बसत होत्या आणि त्या घट्टपणामुळे ओतलेल्या प्रत्येक सिंकरच्या सांध्यावर शिशाचा पातळ पापुद्रा येत होता. पापुद्रा दिसला की साच्याची तोंडे घासायला घेण्याची घाई अनेकजण करतात. माझ्या मते आधी मुठी काढून पाहाव्यात. नुसते ठोकळे हाताने मिटवून उजेडासमोर धरले, तर माझ्या साच्यात फटीतून प्रकाशाची रेघही दिसत नव्हती. ठोकळे एकमेकांशी जुळवण्याचे काम त्यांच्यातल्या डॉवेल पिनांचे, म्हणजे एका ठोकळ्यातून दुसऱ्याच्या भोकात शिरणाऱ्या खुंट्यांचे आहे. मुठीने साचा फक्त उचलायचा आणि दाबून धरायचा असतो. भुजा खाचेत आवळून बसली, तर बिजागरीत असलेला थोडासा वाकडेपणाही थेट ठोकळ्यात उतरतो आणि डॉवेल सरळ शिरत नाहीत.

म्हणून भुजा सपाट कानशीने दोन्ही बाजूंनी सारख्या उतरवून 4.7 मिलिमीटरवर आणल्या. पिन 4 मिलिमीटरची आहे आणि भुजेतले भोक 4.3 मिलिमीटरचे ठेवले आहे. ॲल्युमिनियमच्या रुंद खाचेत उरणारी जागा भरण्यासाठी भुजेच्या दोन्ही अंगांना अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याच्या चकत्या पिनेवर ओवल्या. दोन्ही साच्यांच्या पिनांचे अंतर वेगळे असल्यामुळे भुजेत दुसरे भोकही पाडावे लागले. आता मुठी उघडून हलवल्या की ठोकळे किंचित खुळखुळतात, आणि मिटवताना डॉवेल स्वतःच त्यांना जागेवर आणतात. तापल्यावर ही ढिलाई आपोआप वाढेल, अशी अपेक्षा धरू नये. तापमान 200 अंशांनी वाढले, तरी 6 मिलिमीटरची ॲल्युमिनियमची खाच जेमतेम 0.03 मिलिमीटर रुंदावते, आणि बिडाचे प्रसरण तर पोलादाहूनही थोडे कमीच असते. थंड असताना घट्ट असलेली भुजा गरम झाल्यावरही घट्टच राहते.

बिजागरीचा मूळ रिव्हेट काढून अक्कलकोट रोडवरच्या एका लेथवाल्या मिस्त्रींकडून खांद्याचा बोल्ट, म्हणजे डोक्याखाली आट्यांऐवजी गुळगुळीत जाड भाग असलेला बोल्ट, करून घेतला. त्यांनी बोल्ट हातात देताना सांगितले, "उघडझाप सैल असू द्या, पण खालीवर डुलता कामा नये." ते अगदी बरोबर आहे, कारण बिजागरी खालीवर डुलली की दोन्ही ठोकळ्यांची वरची पातळी बिघडते आणि ओतण्याच्या तोंडावरची, जास्तीचे शिसे कापणारी कापपट्टी सपाट बसत नाही. नायलॉनचे कडे असलेला नट उष्णतेजवळ मला नको होता, म्हणून दोन नट एकमेकांवर आवळले आहेत.

मुठींसाठी कुदळीच्या दांड्याची जुनी, पूर्ण वाळलेली बाभूळ वापरली. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर राहतो. ओलसर लाकूड त्यात आकसते आणि मूठ सळईवर फिरू लागते. साधे इपॉक्सी 100 अंशांच्या बऱ्याच आधी मऊ पडते, त्यामुळे त्याच्यावर विसंबलो नाही. लाकडातून आरपार रिव्हेट मारला आणि पुढच्या टोकाला तांब्याच्या नळीचे कडे चढवले. लाकूड आणि बिजागरी यांच्यामध्ये चार बोटे सळई उघडी ठेवली आहे. शिसे 327 अंशांना वितळते आणि साचा भांड्याच्या काठावर टेकवून तापवताना ती उष्णता सळईतून मागे येते. उघड्या भागातून तिचा बराचसा अंश निघून जातो.

ॲल्युमिनियमच्या साच्यातून आता पापुद्र्याशिवाय सिंकर पडत आहेत. सांध्यावरून नख फिरवले, तर रेघ जेमतेम लागते. ओतकाम गच्चीवर, मोकळ्या हवेत चालते; साचा आणि पळी आधी तापवून ओलावा पूर्ण घालवल्याशिवाय शिशाला हात लावत नाही, आणि काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय पाणीही पीत नाही.

बिडाच्या साच्याचे काम अर्धे झाले आहे. भुजा त्याच्या खाचेत मोकळ्या बसतात, पण तो साचा बराच जड असल्याने मनगटावर ताण येतो. त्याच्यासाठी मुठी तीन इंचांनी लांब करून पाहणार आहे. बाभळीचा दुसरा दांडा तासून ठेवला आहे आणि पुढच्या नोंदीत त्याची मापे देईन.