चॉपस्टिकची कबर आणि तीन पायांचा कावळा: नारातला एक दिवस

नाराला जाणारे बहुतेक जण हरणांना बिस्किटं चारून आणि तोदाइजी देवळातला बुद्ध बघून परत फिरतात. आम्ही एक अख्खा दिवस दक्षिणेकडच्या काशिहारा आणि साकुराईसाठी राखून ठेवला होता. जपानच्या आद्य सम्राटांच्या कथा याच भागातल्या.

ओसाकाच्या आबेनोबाशीहून किंतेत्सु रेल्वेची गाडी धरली आणि चाळीसेक मिनिटांत काशिहारा-जिंगू-माएला उतरलो. इथून चालत दहा मिनिटांवर पहिल्या सम्राटाचं, जिम्मुचं देवस्थान आहे. इ.स. 720 च्या 'निहोन शोकी' या इतिहासग्रंथानुसार तो इ.स.पू. 660 मध्ये गादीवर बसला आणि 127 वर्षं जगला. 'कोजिकी' हा दुसरा जुना ग्रंथ त्याला आणखी दहा वर्षं देतो! इतिहासकार त्याला खरा मानत नाहीत, पण 11 फेब्रुवारीची राष्ट्रीय सुट्टी त्याच्याच राज्यारोहणाची.

त्याची एक गोष्ट मला फार आवडते. पश्चिमेकडून चाल करून येताना तो लढाई हरतो, भाऊ जखमी होतो. मग त्यांच्या लक्षात येतं, आपण सूर्यदेवीचे वंशज आणि सूर्याकडेच तोंड करून लढतोय! म्हणून ते समुद्रमार्गे वळसा घालून कुमानोला उतरतात, म्हणजे आता सूर्य पाठीशी. पुढे डोंगरातून वाट दाखवतो यातागारासु हा कावळा. जपानी फुटबॉल संघाच्या छातीवर तीन पायांचा कावळा असतो, तो हाच.

देवस्थान प्राचीन असेल असं धरून गेलात तर फसाल. ते 1890 चं आहे आणि मुख्य गाभारा क्योतोच्या राजवाड्यातून हलवून आणलेला. शेजारची जिम्मुची समाधीही 1863 मध्ये 'ठरवली' गेली. तिथे खडी, तोरी (देवस्थानापुढची कमान) आणि मागे झाडी, एवढंच दिसतं. बाजूच्या फलकावर तीन नियम: आत शिरू नये, मासे-पक्षी पकडू नयेत, बांबू-झाडं तोडू नयेत. दुसऱ्या ते नवव्या सम्राटांबद्दल तर ग्रंथांत वंशावळीपलीकडे जवळजवळ काहीच नाही, त्यामुळे त्यांच्या समाध्या आम्ही सोडून दिल्या.

आमची चूक इथेच झाली. काशिहारा आधी केल्यामुळे साकुराईतल्या मिवाला पोचायला दुपार झाली. मिवा डोंगर चढायचा तर साइ देवळात नोंदणी करून 300 येन भरावे लागतात, आणि दुपारनंतर वर सोडत नाहीत. तुम्ही जाल तेव्हा मिवा सकाळी करा. वर फोटो काढायला आणि खायला मनाई आहे.

खालच्या ओमिवा देवळात गाभाराच नाही, कारण डोंगर हाच देव. आवारातल्या एका जुन्या सुरूसारख्या झाडापुढे अंडी आणि साके या तांदळाच्या दारूच्या बाटल्या ठेवलेल्या दिसल्या. झाडात देवाचा साप राहतो, त्याचा हा नैवेद्य.

सापाची गोष्ट पुढे हाशिहाका या प्राचीन कबरीपाशी भेटते. मिवाचा देव ओमोनोनुशी राजकन्येकडे फक्त रात्री यायचा. तिने तोंड दाखवायचा हट्ट धरला, तर सकाळी फणीच्या डबीत इवलासा साप! ती किंचाळली, देव लाजून डोंगरावर निघून गेला. ती मटकन खाली बसली आणि चॉपस्टिक नाजूक जागी घुसून मेली. म्हणून ही 'चॉपस्टिकची कबर'. दिवसा माणसांनी बांधली, रात्री देवांनी, असं 'निहोन शोकी' सांगते. जवळजवळ 280 मीटर लांबीचा, झाडीने झाकलेला ढिगारा आणि कडेला तळं. काहींच्या मते ही जपानच्या प्राचीन राणी हिमिकोची कबर, कारण पुष्कळ पुरातत्त्वज्ञ या कबरीचा काळ तिसऱ्या शतकाच्या मध्यावर नेतात आणि हिमिको त्याच सुमारास वारली. उत्खननाला मात्र परवानगी नाही, ती राजघराण्याची समाधी गणली जाते.

पाय शाबूत असतील तर यामानोबे या जुन्या पायवाटेने उत्तरेला दहावा सम्राट सुजिन याच्या समाधीपर्यंत चला, परतीची गाडी यानागिमोतोहून. गाड्या फार नाहीत, वेळापत्रकाचा फोटो काढून ठेवा. वाटेत विनामाणूस भाजीचे ठेले लागतात, शंभराची नाणी जवळ ठेवा. मिवाच्या सोमेन शेवया प्रसिद्ध आहेत, पण शाकाहाऱ्यांनी आधी विचारावं. त्या ज्या रश्शात बुडवून खातात त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. आम्ही दोघांनी शेवटी बाकावर बसून घरचे ठेपले खाल्ले.