झुकलेलं चाक

"नवे टायर घालून एक पावसाळा गेला नाही, आतल्या कडेनं तारा दिसाय लागल्या बघा," माझ्या गॅरेजात आलेले गुरुजी म्हणाले. गाडी त्यांची प्यूजो ३०९, डिझेल. १९९४ ते १९९७ एवढीच वर्षं ही गाडी कल्याणला बनली. पुढं प्रीमियर आणि प्यूजोची भागीदारी संपली आणि हळूहळू पार्टही मिळेनासे झाले. गुरुजी जांबोटीकडचे, शाळेतून निवृत्त. खानापूरचा पाऊस आणि लाल चिखल खाऊनही गाडीचं इंजिन ठणठणीत होतं.

त्यांचं व्हील अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेघ जुळवणं, करून झालेलं, कागद खिशातच होता. पुढच्या चाकांचे आकडे हिरवे, मागचे लाल. या गाडीच्या मागच्या चाकांना अलाइनमेंटचं सेटिंगच नाही, तेव्हा तिथं कुणी काय करणार? कागद देऊन बोळवण केलेली. मी गाडीच्या मागं चार पावलं जाऊन उभा राहिलो. डावं चाक वरच्या अंगाला आत झुकलेलं, सरळ दिसत होतं.

जॅक लावला, गाडी घोडीवर, म्हणजे स्टँडवर घेतली, चाक वर-खाली धरून हलवलं. खडखड. आता हा खेळ, म्हणजे ढिलेपणा, चाकाच्या बेअरिंगचा की आणखी कुठला, तेच बघायचं होतं. गॅरेजातल्या पोराला आत बसवून ब्रेक दाबायला लावला. चाकाचं बेअरिंग गेलेलं असेल तर ब्रेक धरल्यावर खेळ मरतो. इथं तसाच राहिला. टॉर्च मारली तर चाक धरून ठेवणारा आर्म जिथं एक्सलच्या आडव्या ट्यूबला भिडतो, तिथली फट उघडझाप करत होती.

या गाडीच्या मागं आडवी ट्यूब असते. तिच्या दोन्ही टोकांत आर्मची जाड पिन नीडल बेअरिंगवर, म्हणजे सुयांसारख्या बारीक रुळांच्या बेअरिंगवर फिरते, आणि स्प्रिंगच्या जागी पिळाचे बार, म्हणजे टॉर्शन बार. बाहेरचं सील कडक होऊन फाटलं की पाणी आत जातं, ग्रीस वाहून जातं, बेअरिंगच्या सुया गंजतात आणि पिनला खातात. पिन झिजली की आर्म वाकडा बसतो आणि चाक झुकतं. नवे टायर घालत बसलं तरी मूळ दुखणं तिथंच.

"करा, खरं भंगारात घाला म्हणू नका," गुरुजी म्हणाले.

खोलण्याआधी बार आणि आर्मवर पंच मारून खुणा केल्या. डावा-उजवा बार वेगळा असतो आणि बसवताना टोकाचा दात एक जरी चुकला तरी गाडीची उंची बिघडते. बार दात्यांत गंजून घट्ट बसलेले. तेल सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी गरम केलं, तेव्हा कुठं स्लाइड हॅमरला, म्हणजे झटके देऊन ओढायच्या हातोड्याला दाद दिली. आर्म ओढला तर आतून तपकिरी चिखल आणि सुयांचे तुकडे गळले. पिनच्या खालच्या बाजूला नख अडकेल एवढी खाच. भीती ट्यूबची होती. बेअरिंग बसतं ते भोक लांबट झालं असतं तर माझाही इलाज चालला नसता. पुसून गेज लावलं, गोल निघालं.

आता पिन. ती बाजारात नाहीच. पण आपलं बेळगाव आहे, उद्यमबागेत लेथ आणि ग्राइंडिंगची काय कमी! ट्यूबचं भोक ठरलेलं, म्हणून आधी कोल्हापुरातून बाहेरच्या मापाला बसणारं नीडल बेअरिंग आणलं आणि त्याच्या आतल्या मापावर पिन करून घ्यायची ठरवलं. ग्राइंडिंगवाल्याला जुनी पिन आणि बेअरिंग दिलं. सुया थेट पिनवर फिरतात, म्हणून वरचा थर कडक हवा, कडकपणाच्या मापात साठ रॉकवेलच्या आसपास, हे त्याला सांगावंच लागलं नाही. खाच बोटानं चाचपून "माडोण्री," म्हणजे करूया, एवढंच कानडीत म्हणाला. केस हार्डनिंग करून, घासून आणलेली पिन बेअरिंगमध्ये घातली तर ना अडकली, ना डुगडुगली. असं काम बघितलं की मला गाडीवाल्यापेक्षा जास्त आनंद होतो.

जुनी पिन प्रेसवर काढली, नवी दाबली. ट्यूबला दोन्ही टोकांना भोक पाडून ग्रीस निपल बसवलं, म्हणजे पुढं न खोलता ग्रीस मारता येईल. नवी सीलं घातली. खुणा जुळवून बार ठोकले, गाडी खाली उतरवून जरा फिरवली आणि दोन्ही बाजूंची उंची मापली. चाक सरळ.

बिल बघताना गुरुजींचं बोट उजव्या बाजूवर थांबलं. "ही पिन चांगली होती म्हणता, मग बेअरिंग आणि सील कशाला बदललं?"

"पाणी तिकडंही गेलं होतं गुरुजी. आणि पुन्हा हे सगळं उतरवायचं बळ माझ्यात नाही."

पैसे मोजून दिले. दर पावसाळ्याआधी आणि नंतर ग्रीस मारायला गाडी आणा म्हटलं, तर निपलकडं वाकून बघत म्हणाले, "ही ग्रीसगन कितीला मिळती हो?"